पावणेबाराचा फोन

वाचकाचं पत्र (थोडं संक्षेपून)

प्रिय ताई,

वय अठ्ठावीस. मुंबईत एका जाहिरात कंपनीत कॉपीरायटर आहे. गाव सांगलीजवळ. फेब्रुवारीत बाबा गेले. किडनीचं दुखणं जुनंच होतं, मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. या वेळीही घरी येतील असं सगळे म्हणत होते. मला आतून तसं वाटत नव्हतं.

त्या रात्री आम्ही ऑफिसात होतो. सकाळी अकराला पंख्यांच्या एका कंपनीसमोर पिच होती, म्हणजे काम मिळवण्यासाठी आमच्या जाहिरातीचं सादरीकरण. पावणेबाराला धाकट्या भावाचा फोन आला. आईला त्याने संध्याकाळीच घरी पाठवलं होतं, म्हणजे फोन दवाखान्यातूनच होता. मी नाव बघितलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. तो मधूनमधून थरथरत राहिला. शेवटचा फोन सव्वादोनला आला. काय असणार ते मला ठाऊक होतं, म्हणूनच उचलला नाही. माझी आर्ट पार्टनर, म्हणजे माझ्या शब्दांना चित्रं देणारी जोडीदारीण, म्हणाली, “घे ना.” मी म्हटलं, “डेक संपू दे,” म्हणजे पिचच्या स्लाइड्स. तिने चहा आणून ठेवला आणि मी उठेपर्यंत बसून राहिली. साडेपाचला मी भावाला फोन केला. बाबा दोनच्या सुमारास गेले होते.

मी गावी गेले, पिच आर्ट पार्टनरने केली. आम्ही जिंकलो. जाहिरातीतली लाइन माझी होती. आता दादरला पुलावरून उतरताना ती होर्डिंगवर दिसते आणि मी मान फिरवते.

मी रडले नाही. घाटावर नाही, घरी नाही. दहाव्याला लॅपटॉप उघडला तर काका सगळ्यांसमोर म्हणाले, “बापापेक्षा नोकरी मोठी झाली का?” ते स्वतः घाटावर फोनवरून ऊसतोडीच्या टोळीवाल्याशी भांडत होते. आई रोज रात्री नऊला फोन करते. मी ‘मीटिंगमध्ये आहे’ असा मेसेज टाकते. रूममेट लग्न होऊन गेली. रविवारी डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगते, तेवढंच काय ते बोलणं. रात्री झोप येत नाही, मग लिंक्डइनवर दुसऱ्या एजन्सींना अर्ज करत बसते. क्रिएटिव्ह डिरेक्टर व्हायचंच आहे, कसंही करून.

परवा ‘मॅड मेन’मधला ‘द सूटकेस’ हा भाग पाहिला. तासभर रडले. बाबांसाठी एक टिपूस नाही आणि परदेशी मालिकेतल्या माणसासाठी तासभर! पेगी म्हणजे मीच आहे, ताई. फरक एवढाच की त्या दोघांना निदान एकमेकं होती, मला कुणी नाही. मी माणूस म्हणून बिघडलेय का? नोकरी सोडून गावी जाऊ का? नेटवर वाचलं की मी ‘डिनायल’च्या स्टेजमध्ये अडकलेय. खरं आहे का ते?

– न रडलेली, मुंबई

उत्तर

तुझं पत्र वाचल्यावर मी तो भाग पुन्हा लावला. पूर्वी पाहिला होता तेव्हा सगळं लक्ष डॉन आणि पेगीवर होतं. या खेपेला ते तिसऱ्याच माणसाकडे गेलं, जे पडद्यावर दिसतसुद्धा नाही. त्याच्याबद्दल शेवटी बोलू, कारण माझ्या मते तुझ्या पत्राचा गाभा तिथेच आहे.

ज्यांनी भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘मॅड मेन’ ही न्यूयॉर्कच्या जाहिरातधंद्यावरची मालिका. ‘द सूटकेस’ हा चौथ्या पर्वातला सातवा भाग, सप्टेंबर 2010 मध्ये दाखवलेला. गोष्ट एका रात्रीची आहे, 25 मे 1965 च्या. त्या रात्री मेन राज्यातल्या लुइस्टन या लहानशा गावात मुहम्मद अली आणि सनी लिस्टन या बॉक्सरांची दुसरी लढत होती. सगळं ऑफिस ती थिएटरच्या पडद्यावर बघायला निघालंय. बॉस डॉन ड्रेपरने पैसे लिस्टनवर लावलेत. त्याच्या हाताखालच्या पेगी ओल्सनचा सव्विसावा वाढदिवस आहे. तिचा मित्र रेस्टॉरंटमध्ये टेबल घेऊन बसलाय, आणि तिला न सांगता तिची आई, बहीण सगळ्यांना बोलावून बसलाय. इकडे डॉनला सॅमसोनाइटच्या बॅगेसाठी जाहिरात हवी आहे, आलेली एकही कल्पना त्याला पसंत नाही आणि तो पेगीला सोडत नाही. त्याला एक निरोपही आलाय: कॅलिफोर्नियाहून स्टेफनीचा फोन होता, तातडीचं आहे. स्टेफनी म्हणजे ॲनाची भाची, आणि ॲना म्हणजे डॉनचं सगळ्यात जवळचं माणूस. ॲनाला कॅन्सर आहे हे डॉनला ठाऊक आहे, त्यामुळे फोन कशाचा हेही ठाऊक आहे. रात्रभर तो तेवढा एक फोन सोडून बाकी सगळं करतो. पेगीशी भांडतो, पितो, ओकतो, मारामारी करतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो. सकाळी फोन लावतो तेव्हा कळतं, ॲना गेली.

तू म्हणतेस पेगी म्हणजे तूच. नाही गं. पेगीसमोर त्या रात्री दोनच गोष्टी होत्या, वाढदिवसाचं जेवण आणि काम. तिने काम निवडलं, तिचा मित्र फोनवरच नातं तोडून मोकळा झाला आणि तिने ते सोसलं. तिला कुणाच्या मरणाचा फोन आला नव्हता. फोन उलटा ठेवला डॉनने. तू जाहिरात कंपनीत आहेस, तरुण आहेस, बाई आहेस, म्हणून पेगीत स्वतःला बघितलंस आणि त्यात थोडी सोयही होती. पण तुला रडू कुठे आलं ते आठव. पेगी बाथरूममध्ये रडते तिथे, की सकाळी डॉन फोन ठेवतो आणि त्याचा चेहरा फुटतो तिथे? तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण मी पैजेवर सांगते, दुसऱ्या ठिकाणी. साडेपाचचा तुझा फोन तू तिथे पहिल्यांदा बाहेरून बघितलास.

म्हणून ‘परक्या माणसासाठी रडले’ हे काही खरं नाही. रडलीस ती बाबांसाठीच. गावी रडायला जागा कुठे होती? येणारी प्रत्येक बाई आधी तुझ्या डोळ्यांकडे बघणार, कोरडे दिसले तर नजरेनेच बोलणार, ओले दिसले तर गळ्यात पडून तुझ्याहून मोठ्याने रडणार. वर काका. आपल्याकडे तेरा दिवस सुतक पाळतात, सुरुवातीला घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी डबे आणतात, कुणी कामाला जात नाही, या सगळ्याचा उपयोग होतो हे मी मानते. पण त्या तेरा दिवसांत दुःख चारचौघांत करावं लागतं आणि प्रत्येकाला ते जमतंच असं नाही. मालिका बघताना तू एकटी होतीस. डॉनच्या दुःखाची जबाबदारी तुझ्यावर नव्हती आणि तुझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं, म्हणून बांध फुटला. यात बिघडलेलं काही नाही. फक्त उशीर झालाय, आणि उशीर बऱ्याच जणांना होतो.

आता त्या ‘स्टेज’चं बघू. नाकारणं, राग, घासाघीस, खचणं, स्वीकार या पाच पायऱ्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी 1969 मध्ये मांडल्या, आणि त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. त्यात प्रश्न स्वतःच्या मरणाला सामोरं जाण्याचा होता. पुढे त्या मागे राहिलेल्या नातेवाइकांना चिकटवल्या गेल्या आणि आता नेटवर त्याचं रेल्वेचं वेळापत्रक झालंय. तू कुठल्याही स्टेशनात अडकलेली नाहीस. आणि तू काही नाकारतही नव्हतीस. नाकारणाऱ्याला ठाऊक नसतं, तुला पहिल्या फोनलाच ठाऊक होतं.

डॉनमध्ये आणि तुझ्यात एक फरक आहे तो मात्र बघ. डॉन ड्रेपर हे त्याचं खरं नाव नाही. तो डिक व्हिटमन. कोरियाच्या युद्धात मेलेल्या एका अधिकाऱ्याचं नाव घेऊन जगतोय आणि ॲना त्या अधिकाऱ्याची विधवा आहे. तिने त्याला पकडलं, माफ केलं, आणि जगात तिच्या एकटीपाशी तो डिक म्हणून बसू शकायचा. ती गेली तर हा कुणाला सांगणार? ऑफिसात सांगायचं म्हटलं तर ‘कोण लागायची?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही. तिने देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेला, त्यामुळे अंत्यविधीही नाही. त्याचं दुःख त्याच्या नावावर लागतच नाही. तुझ्या दुःखाच्या सातबाऱ्यावर तुझं नाव ठळक आहे, मुलगी म्हणून. तुला हक्काने रजा मिळते, हक्काने रडता येतं, हक्काने आईच्या शेजारी गप्प बसता येतं. डॉनला जे मिळणं शक्यच नव्हतं ते तुझ्यासाठी रोज रात्री नऊला वाजतंय आणि तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून टाळतेस.

काकांचं आता सांगते, कारण पत्रात सगळ्यात जास्त राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. दहाव्याला घाटावर उभं राहून ऊसतोडीच्या टोळीशी भांडणारा पुरुष कर्ता ठरतो आणि तिथेच लॅपटॉप उघडणारी मुलगी दगडाच्या काळजाची. फेब्रुवारीत फडातला ऊस थांबत नाही हे मला मान्य आहे. मग पिचही थांबत नाही. काकांना त्या वेळी हे कुणी ऐकवलं नाही, म्हणून इथे लिहितेय. कात्रण काढून पाठवायचं असेल तर खुशाल पाठव.

महत्त्वाकांक्षेबद्दल मला तुझ्याकडून माफी नको आहे. पेगीने त्या रात्री जे सांगितलं ते मला आजही फार आवडतं. तिच्या म्हणण्याचा मतलब असा की आपल्याला काय हवं असायला पाहिजे ते तिला ठाऊक आहे, पण या ऑफिसातल्या कामाइतकं महत्त्वाचं तिला दुसरं काही वाटत नाही. 1965 साली सव्वीस वर्षांच्या मुलीने हे तोंडाने बोलणं सोपं नव्हतं. आणि ती हे आभाळातल्या स्वप्नांबद्दल बोलत नव्हती. तिचा झगडा अगदी एका जाहिरातीपुरता होता: फरशीच्या पॉलिशची जाहिरात तिच्या कल्पनेतून निघाली, बक्षीस डॉनने घेतलं, आभारसुद्धा मानले नाहीत. ती ते तोंडावर सांगते तेव्हा तो ओरडतो की पगार त्यासाठीच तर देतो. (गंमत बघ, या पर्वासाठी 2011 च्या एमी या टीव्ही पुरस्कारांत त्या दोघा कलाकारांना नामांकन होतं आणि बक्षीस दोघांनाही मिळालं नाही.) ओळ कुणाची, नाव कुणाचं, यासाठी भांडणं ही हाव नव्हे. तू तुझ्या पंख्याच्या लाइनबद्दल भांडलीस का? पत्रात तर एवढंच आहे की ती दिसली की मान फिरवतेस. चांगली लाइन आहे असं धरून चालते, क्लायंटने घेतली म्हणजे वाईट नसावी. ती त्या रात्री लिहिली गेली हा तिचा दोष नाही.

पण तुझ्या पत्रात दोन महत्त्वाकांक्षा आहेत आणि तू त्यांना एकच समजतेयस. दुसरी रात्री दोन वाजता लिंक्डइनवर अर्ज टाकते. त्या भागात डक फिलिप्स नावाचा एक इसम आहे, आठवतो? पूर्वी मोठ्या हुद्द्यावर होता, आता दारूत बुडालाय. पेगीला वाढदिवसाची भेट म्हणून व्हिजिटिंग कार्डं छापून पाठवतो. नव्या एजन्सीची कार्डं, त्यावर पेगीचं नाव. एजन्सी अस्तित्वातच नाही. नंतर तो त्याच रात्री ऑफिसात येऊन जो तमाशा करतो तो मी इथे लिहीत नाही, ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे. माझ्या मते त्या भागातला सगळ्यात एकटा माणूस डॉन नाही, हा आहे. त्याला आता काम करायचं नाहीये. कुठली जाहिरात, कुठला क्लायंट, काही पडलेलं नाही. त्याला फक्त कार्डावर छापलेला हुद्दा हवाय, म्हणजे स्वतःकडे बघावं लागणार नाही. ‘कसंही करून क्रिएटिव्ह डिरेक्टर’ हे वाक्य तू पेगीकडून घेतलेलं नाहीस. पेगीने हुद्दा मागितला नव्हता, कामाची कबुली मागितली होती. रात्री अर्ज करणं बंद कर. करायचेच असतील तर शनिवारी सकाळी, चहा घेऊन, उजेडात कर. त्या कंपनीत आपल्याला काय काम करायचंय हे एका वाक्यात लिहिता आलं तरच पाठव.

नोकरी सोडून गावी जाण्याचं तूर्त डोक्यातून काढ. तुला ऑफिसची शिसारी आलेली नाही, त्या एका रात्रीची आलीय, आणि ती रात्र गावीही सोबत येईल. वर रिकामा वेळ. बाबांच्या माघारी आईला तुझी गरज आहे, पण घरी येऊन भिंतीकडे बघत बसलेल्या मुलीची नाही. पुढे सहा महिन्यांनी मनापासून वाटलं तर जा, तेव्हा मी अडवणार नाही.

एक गैरसमज आधीच खोडून ठेवते. तुझ्या क्षेत्रातली मंडळी या भागाबद्दल बोलताना ‘बघा, त्याने दुःखाचं सोनं केलं’ असं म्हणतात. अली पहिल्याच फेरीत जिंकला. लिस्टनला ठोसा कधी लागला ते बऱ्याच जणांना कळलंच नाही. सकाळच्या पेपरात पडलेल्या लिस्टनवर उभ्या अलीचा फोटो आला आणि डॉनने त्यावरून बॅगेची जाहिरात काढली. हे खरं. पण कधी? फोन लावल्यावर, आणि वयाने बऱ्याच लहान सहकारिणीसमोर हमसून रडल्यावर. त्याआधी अख्खी रात्र डोकं आपटून एक धड ओळ निघाली नव्हती. तुझ्या बाबतीत लाइन फोनच्या आधी निघाली, म्हणून तुझा हिशेब चुकला: तुला वाटलं फोन न उचलल्यामुळे ती निघाली. तसं काही नसतं. पावणेबाराला फोन घेऊन तू रडली असतीस तरी ती लाइन निघाली असती, फार तर आर्ट पार्टनरने लिहिली असती. (रडल्याने जाहिरात चांगली होते असंही मी म्हणत नाहीये. हे ऑफिसात बोलू नकोस, लगेच कुणीतरी त्याचं वर्कशॉप काढेल.)

आर्ट पार्टनरवरून आठवलं. ‘मला कुणी नाही’ हे वाक्य तू लिहिलंस आणि त्याच पत्रात वर एक बाई आहे. ती ‘घे ना’ म्हणाली, तू ऐकलं नाहीस, तर चहा ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तुझी पिच एकटीने उभी राहून केली. डॉन म्हणतो की मला खरं ओळखणारं एकच माणूस होतं आणि ते गेलं. पेगी म्हणते, हे खरं नाही. एवढंच म्हणते, मिठी नाही, भाषण नाही. तुझी आर्ट पार्टनर हे तोंडाने म्हणाली नाही, पण पहाटे साडेपाचला ऑफिसात ती दुसऱ्या कशासाठी बसली होती? तिच्याशी त्या रात्रीबद्दल नंतर काही बोललीस का? मला वाटतं नाही. एखाद्या दिवशी ऑफिसच्या खाली चहाला ने तिला. ‘त्या रात्री बसलीस’ एवढं म्हटलं तरी पुरे. रविवारी ओटीपीशिवाय शब्द नाहीत याचं पहिलं औषध तिच्याकडेच असेल. नसलं तर दुसरं शोधू.

आता ते तिसरं माणूस. स्टेफनी.

डॉन रात्रभर फोन टाळतो तेव्हा आपण त्याच्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये असतो. त्याच्याबरोबर पितो, त्याची कीव करतो. कॅमेरा एकदाही कॅलिफोर्नियात जात नाही. तिथे मावशीच्या अंथरुणाजवळ एक तरुण मुलगी आहे. तिने फोन केलाय, निरोप ठेवलाय आणि उलट फोनची वाट बघतेय. फोन येत नाही. रात्री तिच्यावर काय गुदरलं ते लेखकाने दाखवलं नाही आणि आपल्यालाही विचारावंसं वाटत नाही, कारण गोष्ट तिची नाही.

तुझं पत्र मी याच कारणाने दोनदा वाचलं. त्यात आर्ट पार्टनर आहे, काका आहेत, आई आहे, रूममेट आहे, डिलिव्हरीवालासुद्धा आहे. धाकटा भाऊ फक्त फोनपुरता आहे. तो फोन करतो, तू उचलत नाहीस. तू फोन करतेस, तो सांगतो. मग तो पत्रातून नाहीसा होतो. तो किती वर्षांचा, काय करतो, बाबा गेल्यापासून कसा आहे, एक अक्षर नाही. आईला त्याने घरी पाठवलं होतं, म्हणजे तिथे तो एकटा होता. पावणेबाराला त्याने तुला पहिल्यांदा फोन केला तेव्हा बाबा जिवंत होते.

हे लिहिताना माझाही हात थबकला, कारण तू आधीच स्वतःला पुष्कळ कोसतेयस. म्हणून स्पष्ट लिहिते. तू फोन उचलला असतास तरी बाबा वाचले नसते, आणि त्यांची गाठही पडली नसती. रात्री बाराला मुंबईहून निघालं तरी मिरजेला उजाडल्यावरच पोचतो माणूस. बाबांच्या बाबतीत त्या फोनने काहीही बदललं नसतं. त्या रात्री तू चुकवलंस ते भावाला. मध्यरात्री दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये पोराला काय काय विचारलं जातं ठाऊक आहे ना? व्हेंटिलेटर लावायचा का, इथे सही करा, घरातलं मोठं कोण आहे. त्याला हे विचारलं गेलं की नाही, मला ठाऊक नाही. सहा महिने होत आले, तुलाही ठाऊक नाही. काकांना तू जे करताना पकडलंस, त्याहून ही गोष्ट मला जास्त खुपली.

यात एक बरं आहे. बाबांना आता काही सांगता येणार नाही, पण भाऊ आहे. डॉनला सकाळी फोन लावून फक्त बातमी ऐकता आली. तुला बातमीच्या आधीचं सगळं ऐकता येईल, सांगणारा घरीच आहे.

तर असं कर. आजपासून आईचा नऊचा फोन घे, पाच मिनिटं का होईना. मीटिंग खरीच असेल तर साडेनऊला तू कर. ती जेवणाचं विचारेल, तू काय जेवलीस ते सांग, मोठं काही बोलावं लागत नाही. आणि एका शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघ, सकाळी सांगलीला उतरशील. भावाला स्टेशनवर घ्यायला बोलाव. घरी माणसं असतात, समोरासमोर बसून आपल्याकडे असलं बोलणं होत नाही. गाडीवर मागे बसून होतं, नाहीतर वाटेत कुठेतरी चहाला थांबून. ‘त्या रात्री पावणेबारा ते सव्वादोन काय झालं ते मला सांग,’ एवढंच विचार. ‘मी का उचलला नाही’ हे आधी सांगायला लागू नकोस, नाहीतर तो तुझीच समजूत घालत बसेल आणि त्याचं त्याच्याकडेच राहील. त्याने विचारलं तर खरं सांग: मला कळलं होतं आणि भीती वाटली. तो चिडेल कदाचित. चिडू दे.

झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस. झोप लागतच नसेल, जेवण तुटलं असेल, जगण्यातच अर्थ नाही असं मनात येत असेल, तर माझ्या किंवा कुणाच्या पत्राची वाट बघायची नाही. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ओळखीच्या डॉक्टरांकडून समुपदेशकाचं नाव मिळालं तर तेही उत्तम. वर्ष उलटलं तरी शोक पहिल्या महिन्याइतकाच घट्ट धरून बसला तर तज्ज्ञ आता त्याला वेगळं नाव देऊन उपचार करतात, पण तू त्यातली आहेस असं पत्रावरून मला वाटत नाही. तुझं तर नुकतं कुठे सुरू झालंय.

भाऊ पहिल्या खेपेला बहुधा म्हणेल, “जाऊ दे ना ताई, आता काय त्याचं.” तेवढ्यावर परत येऊ नकोस. त्या दिवशी नाहीच बोलला, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जा.